रेवदंडा ते दिमोना : दोन देशांतलं आयुष्य लिहायचं कसं?

प्रश्न विचारणाऱ्या बाई मूळच्या रेवदंड्याच्या, बेने इस्रायल म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. १९६९ साली लग्न करून इस्रायलला गेल्या, नेगेव्ह वाळवंटातल्या दिमोनात संसार केला, तिथल्या एका कापड कारखान्यात नोकरी केली. आता निवृत्त आहेत आणि दर हिवाळ्यात अलिबागला भावाकडे येऊन राहतात. आत्मकथन लिहायला घेतलंय. त्यांनी विचारलंय : सुरुवात कुठून करू? मराठीत लिहू की हिब्रूत? सुरुवातीच्या वर्षांत झालेला अपमान लिहू की नको? पुस्तक छापायचं कसं? आणि दोन्ही देशांना सारखा न्याय कसा देऊ? सोबत वहीतली काही पानं पाठवली आहेत. मी आत्मकथनांच्या संपादनाचं काम करते आणि परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसांची हस्तलिखितं माझ्याकडे बरीच येतात. त्या अनुभवावरून सांगते.

शेवटच्या प्रश्नाला आधी हात घालते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत. दोन्ही देशांना न्याय द्यायचा हा विचार सोडून द्या. न्याय द्यायला बसलं की माणूस तुलना करू लागतो, आणि तुलना सुरू झाली की आठवण आटते. तुमच्याच पानावरचं हे वाक्य बघा : 'तिकडे शिस्त आहे पण शेजारधर्म नाही, इकडे गैरसोय आहे पण माणसं धावून येतात.' हेच वाक्य न्यू जर्सीहून आलेल्या हस्तलिखितात असतं, मेलबर्नहून आलेल्यातही असतं. त्यात रेवदंडा कुठे आहे? दिमोना कुठे आहे? देशांची नावं बदलली तरी ज्या वाक्याला काहीही होत नाही, ते तुमचं वाक्य नव्हे. अशी सगळी वाक्यं पेन्सिलीनं अधोरेखित करा आणि काढून टाका. वही एकदम बारीक झाल्यासारखी वाटेल, वाटू द्या.

त्यांच्या जागी ये-जा लिहा. काय गेलं, काय आलं, कोणाच्या हाती आलं, किती दिवसांनी आलं, वाटेत काय राहून गेलं. माणूस एका वेळी एकाच देशात राहतो. दुसरा देश त्याच्यापर्यंत पोचतो तो पत्रातून, लोणच्याच्या बरणीतून, कोणा पाहुण्याच्या बॅगेतून, तुमच्या काळी मनीऑर्डरीतून, तारेतून. कधी वेळेवर पोचतो, कधी पोचतच नाही. तुमचं पुस्तक या पोचण्या-न पोचण्याचं असायला हवं. तुमच्या पिढीकडे त्याचं भांडार आहे, कारण भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ च्या जानेवारीत जुळले. त्याआधी इस्रायलची कचेरी होती ती मुंबईत, वाणिज्य दूतावासाच्या दर्जाची. तोवर तुमच्यासारख्या घरांनी आपलं नातं टपालावर आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर चालवलं. हे कोणत्याही सरकारी कागदात सापडणार नाही.

मालिद्याचंच घ्या. तुम्ही एक ओळ लिहिली आहे : 'तिथेही आम्ही मालिदा करत होतो.' नवसाला, शुभकार्याला बेने इस्रायल घरांत होणारा हा प्रसाद : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, सोबत फळं. रेवदंड्यात यातलं काहीच शोधायला जावं लागत नव्हतं. पण १९६९ च्या दिमोनात पोहे कुठून आणलेत? नारळ मिळाला का? गुळाच्या जागी साखर घातलीत का? आज तिथल्या गावांत भारतीय किराण्याची दुकानं आहेत, त्यामुळे नातवंडांना हा प्रश्न सुचणारसुद्धा नाही. पहिल्या मालिद्याच्या ताटात काय कमी होतं आणि ते कोणी मोठ्यानं बोलून दाखवलं, एवढं जरी आठवलं तरी त्यात दोन्ही देश आपोआप येतात. तसंच सागावच्या खडकाचं. प्रेषित एलियाहू हन्नबीच्या रथाच्या खुणा तिथे आहेत असं मानतात, आणि इस्रायलहून येणाऱ्या नातेवाइकांना तुम्ही तिथे घेऊन जाता असं लिहिलंय. लहानपणी तुम्हाला तिथे कोणी नेलं होतं. आता नेणाऱ्या तुम्ही आहात. हा पालट कधी झाला, त्यावर एक पान लिहा.

आता सुरुवात. नौगावच्या फुटलेल्या जहाजापासून करू नका. बेने इस्रायल घरांतून आलेलं जे लिखाण मी वाचलंय, त्यातलं बहुतेक तिथूनच सुरू होतं : जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या, पुढच्या पिढ्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणू लागले. मग पेणकर, रोहेकर, नवगावकर ही गावांवरून पडलेली आडनावं, मग मुंबईतलं १७९६ चं पहिलं सिनेगॉग म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिर, मग १९४८ ची इस्रायलची स्थापना. लेखिका जन्माला येईपर्यंत पंचवीस पानं झालेली असतात. हा इतिहास मोलाचा आहे आणि त्याचा तुम्हाला अभिमान आहे हेही मला दिसतं. पण तो इतरांनी लिहून ठेवला आहे. तुमच्या आजीनं शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी, शब्बाथ लागायच्या आत, काय काय उरकून घेतलं, ते मात्र कोणी लिहिलेलं नाही. इतिहास घरात शिरेल तेव्हा शिरू द्या. आडनावाची गोष्ट, उदाहरणार्थ, तिकडच्या कचेरीत तुमचं आडनाव पहिल्यांदा हिब्रू अक्षरांत कोणी लिहिलं, त्या ठिकाणी येऊ दे. तिथे ती तीन ओळींत सांगून होईल आणि वाचकाच्या लक्षातही राहील.

मग सुरू कुठून करायचं? तुमच्या चौथ्या पानावर तीन वाक्यं आहेत : 'आई गेल्याचं पत्र महिना उलटून गेल्यावर मिळालं. मी बाळंतीण होते. त्या वर्षी थंडी फार कडक होती.' आणि पुढे अख्खं पान वाळवंटातल्या थंडीचं वर्णन आहे. पुस्तक तिथे सुरू होतं.

मराठी वाचकासाठी थोडं उलगडून सांगायला हवं. ज्यू धर्माचाराप्रमाणे जवळचं माणूस गेलं की घरचे सात दिवस जमिनीलगत बसून शोक पाळतात. त्याला शिवा म्हणतात. बातमी उशिरा कळली, पण तीस दिवसांच्या आत कळली, तर कळल्यापासून सात दिवस बसायचं. तीस दिवस उलटून गेल्यावर कळली, तर फक्त एक तास. आई-वडिलांसाठी वर्षभराचे निर्बंध असतात तेही मृत्यूच्या दिवसापासूनच मोजायचे, बातमीच्या दिवसापासून नाही. म्हणजे तुम्ही किती वेळ बसायचं हे टपालानं ठरवलं. रेवदंड्याला घरात सात दिवस माणसं येत-जात राहिली असतील, आणि दिमोनात तुम्हाला एक तास मिळाला. दोन देशांत विभागलेल्या आयुष्याबद्दल याहून नेमकं काही मी कुठल्याही हस्तलिखितात वाचलेलं नाही, आणि तुम्ही ते थंडीखाली पुरून टाकलंत.

ते उकरून काढायचं असेल तर स्वतःला साधे प्रश्न विचारा. पत्र कोणी आणून दिलं? उघडलं कोणी? दिवस कोणी मोजले, तुम्ही की यजमानांनी? तो एक तासाचा नियम तुम्हाला आधीपासून ठाऊक होता की शेजारच्या कोणी सांगितला? तासाभरानं उठलात तेव्हा पहिलं काम कोणतं केलंत? बाळ कुठे होतं? सगळ्याची उत्तरं मिळणार नाहीत. जी मिळतील ती लिहा आणि जिथे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असं स्वच्छ लिहा. संवाद रचून घालू नका. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं बोलणं शब्दशः आठवतं असं कोणी लिहिलं की मला त्या पानावरचं बाकीचंही खरं वाटेनासं होतं. पण एखादंच वाक्य खरोखर कानात राहिलेलं असतं. ते एकच द्या.

त्या प्रकरणाची पहिली ओळ अशी काही असू शकेल : 'पत्र भावाच्या हातचं होतं. वर तारीख होती अमुक. माझ्या हातात पडलं त्या दिवशी तारीख होती अमुक. मी बोटांवर मोजलं.' रिकाम्या जागा तुम्ही भरायच्या. विशेषणं नकोत, दुःखाचं नाव घ्यायलाही नको. तारखा पुरेशा आहेत.

आणखी एक. हे १९७३ चं वर्ष आहे, हे तुमच्या पुढच्या पानावरून कळतं. त्या ऑक्टोबरात योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवशी, इस्रायलमध्ये युद्ध पेटलं. मग पत्र युद्धामुळे रखडलं, की तुम्ही बाळंतीण आहात म्हणून भावानं जाणूनबुजून उशिरा टाकलं? पाकिटावरचा टपालाचा शिक्का असेल तर उत्तर तुमच्या कपाटातच आहे. नसेल तर भाऊ आहे, आणि तुम्ही दर हिवाळ्यात त्याच्याच घरी उतरता. त्याला विचारा. तो जे म्हणेल ते लिहा, आणि इतकी वर्षं का विचारलं नाहीत तेही लिहा. या एका प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत बाकीच्या वहीचा क्रम लावायची घाई करू नका.

सोडून जाण्याबद्दल एक गोष्ट तुम्हाला न कळत फार सुरेख साधली आहे. एसटीनं रेवसला येणं, तिथून लाँचनं भाऊच्या धक्क्याला जाणं, लाँच सुटताना वडील धक्क्यावर कुठल्या बाजूला उभे होते, हे तुम्ही एक पानभर लिहिलंय. विमानप्रवासाला मात्र अर्धी ओळ दिली आहे. हे तसंच ठेवा. विमानाचं लांबवा असं तुम्हाला कोणीतरी सांगेल, कारण लोकांना परदेशप्रवास म्हणजे विमान वाटतं. तुमचं गाव सुटलं ते रेवसला.

आता कोरडं पण गरजेचं काम : तारखा, पैसे, नावं पडताळून घेणं. तुम्ही १९७१ च्या पगाराचा आकडा शेकेलमध्ये दिलाय. तेव्हा इस्रायलमध्ये लिरा चालत होता. शेकेल आला १९८० मध्ये, आणि महागाईमुळे १९८५ मध्ये एक हजार जुन्या शेकेलला एक नवा शेकेल झाला. पण शेकेलच्या जागी लिरा एवढीच दुरुस्ती करून थांबू नका. पगाराचं पाकीट, त्यातून गावी किती पाठवता येत होतं, हेही त्या आकड्यासोबत येऊ द्या. तसंच तुमचा शाळेचा दाखला रायगड जिल्ह्याचा असूच शकत नाही. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, रायगड झालं १९८१ मध्ये.

घर कधी विकलं यावर तुमचं आणि भावाचं एकमत नाही असं लिहिलंय. कागद पाहा. घर गावठाणात असेल तर सातबारा मिळणार नाही. ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा मागा, त्यात घरपट्टी कोणाच्या नावावर कधीपासून लागली ते कळतं. नारळाची वाडी वेगळी असेल तर तिचा सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडे मिळेल, आणि फेरफारात व्यवहाराची तारीख असते. शाळेच्या जनरल रजिस्टरात तुमची जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची नोंद असेल. लग्नाची तारीख केतुब्यावर, म्हणजे ज्यू विवाहकरारावर, हिब्रू पंचांगाप्रमाणे असते, ती इंग्रजी तारखेशी नीट जुळवून घ्या. ही कामं या हिवाळ्यातच करा. कागद हाती आला की आठवण पुष्कळदा त्याच्या मागून येते. एका हस्तलिखितातलं सगळ्यात चांगलं प्रकरण मी फेरफाराच्या नक्कलेतून निघालेलं पाहिलंय, कारण त्यावर आईची सही होती आणि आईला सही करता येते हे मुलाला तोवर ठाऊक नव्हतं.

अपमानाबद्दल. लिहा. पण आधी कोणता अपमान तुमचा आणि कोणता ऐकीव, हे वेगळं करा. तुमच्या पानांवर तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली, १९५१-५२ ची : सुरुवातीला गेलेल्या काही बेने इस्रायल कुटुंबांनी तिथल्या वागणुकीविरुद्ध धरणं धरलं, भारतात परत पाठवा अशी मागणी केली आणि काही जण खरोखर परत आले. दुसरी, लग्नांची : १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बी मंडळानं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या मंडळानं, बेने इस्रायलांच्या लग्नाआधी वंशाची चौकशी करायचे निर्देश काढले, त्यावर मोठं आंदोलन झालं आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, म्हणजे इस्रायलच्या संसदेनं, बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत असा ठराव केला. या दोन्ही घटना घडल्या तेव्हा तुम्ही रेवदंड्यात होतात. मोठ्या नणंदेच्या लग्नात जे घडलं ते तिचं आहे. तिला विचारा, ती सांगेल तेवढं तिच्या तोंडून द्या. तिसरी गोष्ट तुमची आहे : कारखान्याच्या कँटीनमध्ये तुमच्या डब्याकडे बघून एक बाई काय म्हणाली आणि हिब्रू कच्चं असल्यामुळे तुम्हाला ते संध्याकाळी घरी आल्यावर कळलं. ती लिहा. इतिहासाच्या दोन मोठ्या घटनांपुढे ती छोटी वाटते म्हणून तुम्ही घाईघाईनं उरकली आहे. वाचकाला मात्र तीच लागेल, कारण त्या संध्याकाळी घरी येणाऱ्या तुम्हीच होतात. त्या बाईचं नाव देऊ नका, कारखान्यातलं तिचं खातंही बदला. तिला उघडं पाडण्यासाठी तुम्ही लिहीत नाही.

याच प्रकरणात दुसऱ्या बाजूचंही यायला हवं. आपल्याला खालचं मानलं गेलं हे लिहिताना, आपल्याच समाजात गोरे इस्रायल आणि (ज्यांच्या पूर्वजांत ज्यू नसलेलं कोणी होतं असं मानत ते) काळे इस्रायल हा भेद किती काळ पाळला गेला, सोयरीक जुळवताना त्याचा उच्चार घरात कसा व्हायचा, हे वगळू नका. तुमच्या पानांवर एका आत्याच्या मोडलेल्या सोयरिकीचा उल्लेख ओझरता आहे. कारण मला त्या उल्लेखावरून कळलं, पण तुम्ही लिहिलेलं नाही. ते लिहिण्याची तुमची तयारी असेल तरच कँटीनचं प्रकरण पूर्ण उभं राहील. नसेल तर दोन्ही बाजूला ठेवा. मला वाटतं तुमची तयारी आहे.

भाषेचं. मराठीतच लिहा. वही मराठीत आहे, पत्रं मराठीत आली, आणि ज्यांच्याबद्दल लिहिताय ती माणसं मराठीत भांडली, मराठीत गेली. हिब्रूत झालेलं बोलणं मराठीत सांगा. एखादा हिब्रू शब्द अडून बसला तर देवनागरीत तसाच ठेवा आणि आजूबाजूच्या वाक्यातून त्याचा अर्थ कळेल असं करा. शेवटी शब्दार्थांची यादी जोडू नका, वाचक पुन:पुन्हा मागे उलटत बसत नाही.

पण नातवंडांसाठी हिब्रू आवृत्ती हवी असेल तर ती तुम्ही असतानाच व्हायला हवी, आणि घरातच. तुमच्या थोरल्या नातीला मराठी समजतं म्हणालात. एकेक प्रकरण तिला मोठ्यानं वाचून दाखवा, ती हिब्रूत लिहील. ती जिथे अडेल, 'घाणा म्हणजे कसा?', 'लाँच म्हणजे केवढी?' असं विचारेल, तिथे खूण करा. त्या जागा मराठी आवृत्तीतही कच्च्या असतात. दादरच्या किंवा नागपूरच्या वाचकालाही तिथेच अडायला होतं. वाचताना फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. तुमच्या तोंडची रेवदंड्याची बोली तुमच्या लिहिलेल्या मराठीपेक्षा जास्त जिवंत आहे. 'तदनंतर' आणि 'वास्तव्य' तुम्ही बोलताना म्हणत नाही, मग लिहिताना कशाला?

पत्रांबद्दल एक कायद्याची गोष्ट लक्षात असू द्या. तुम्हाला आलेलं पत्र कागद म्हणून तुमचं, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. भारतात तो हक्क सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, इस्रायलमध्ये ७०. भावाचं पत्र पूर्ण छापायचं असेल तर त्याची लेखी संमती घ्या. आईची पत्रं छापायची तर सगळ्या भावंडांची. घरातल्या घरात हे अवघड वाटतं, पण पुस्तक छापून आल्यावर होणारी भांडणं त्याहून अवघड असतात. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना त्यांच्यापुरती पानं आधी वाचायला द्या. चूक दाखवली तर दुरुस्त करा. 'हे काढून टाक' म्हणाले तर ऐकून घ्या आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

छपाईचा विचार आत्ता नको, तरी विचारलंय म्हणून सांगते. मराठी आवृत्ती छोटी काढा. स्वतः प्रकाशित करणार असाल तर भारतात आयएसबीएन क्रमांक सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. त्याआधी एखादं प्रकरण इस्रायलमधल्या 'मायबोली' या मराठी नियतकालिकाकडे पाठवून पाहा. तिथले वाचक तुमच्या चुका सगळ्यात आधी पकडतील. पुस्तक निघालं की कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एक मुंबईच्या ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाला जायला हवी. आणखी दोन प्रती चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना. हिब्रू आवृत्ती निघाली तर जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला त्याच्या प्रती द्याव्या लागतील, आणि त्यांच्यासोबत मराठीचीही एक प्रत नक्की द्या.